चांगला माल बाजारातनं गेला कुठं? आपापले अनुभव लिहा

पंचगंगाकाठ:
ग्रेशमचा नियम बऱ्याच जणांनी कॉलेजात वाचला असंल, खराब नाणं चांगल्या नाण्याला चलनातनं हाकलतं. चिकटपट्टी लावलेली नोट आपण आधी खपवतो आणि कोरी पाकिटात ठेवतो, तसं. पण मला नोटांचं नाही, वस्तूंचं विचारायचंय. तुमच्या धंद्यात, गल्लीत हलक्या मालानं चांगला माल कसा घालवला ते सांगा. नुसतं "आता पूर्वीसारखं राहिलं नाही" नको, ते आमचे आजोबापण म्हणायचे.

काहिलीवाला:
मग गुळाचं मीच सांगतो. करवीर तालुक्यात आमचं गुऱ्हाळ होतं, आता बंद हाय. रस उकळताना भेंडीचं पाणी सोडून मळी काढत बसायचं, चुलवाण कमीजास्त करायचं, गुळव्या म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर चांगला लागतो, आणि एवढं करून गूळ निघतो तांबूस. सौद्याला व्यापारी पहिला बघणार रंग. हायड्रॉस पावडर, म्हणजे रंग उजळायचं रसायन, मारलेला गूळ पिवळा धमक, त्याला दर जास्त. चव कोण घेतंय हो तिथं? वडील म्हणायचे रसायन नको, चुलते म्हणायचे मग दर कुठनं आणायचा, आणि दोघंबी बरोबरच होते. पुढं साखर स्वस्त पडायला लागली की ती सरळ काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या कढईत, जायला लागली, वजन वाढतंय, रंगबी येतोय. कोल्हापुरी गुळाला २०१४ ला जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाला नावाचा सरकारी शिक्का, मिळालं, बरं झालं, पण बाहेरचा गूळबी याच नावानं खपतोय. आणि आता शहरातली माणसं काळा गूळ म्हणजे सेंद्रिय समजतात, त्यामुळं करपलेलाबी त्या नावावर जातोय. 😄

सुभाषनगरची सून:
काका, आमच्याकडं पण हेच, फक्त चप्पल. सासरे हातानं करतात. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, शिलाई कातडी वादीची, खिळा नाही. त्यामुळं एक जोड व्हायला वेळ लागतो आणि नवीन चप्पल पायाला चावते, तेल लावून चार दिवस घालावी लागते मग मऊ पडते. आणि अंबाबाईचं दर्शन घेऊन आलेलं गिऱ्हाईक दुकानात दोन पावलं चालून बघतं. रेक्झिनची, आत पुठ्ठा भरलेली चप्पल पहिल्या मिनटाला मऊ लागते, किंमत निम्मी, झालं. पावसात तिचा पुठ्ठा फुगतो तेव्हा ती माणसं पुण्या-मुंबईला पोचलेली असतात आणि तिकडं सांगतात की कोल्हापुरी काय टिकत नाही बाई! नाव आमचं जातं. २०१९ ला जीआय आलं, आपल्याकडचे चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून, पण दुकानात शिक्का कोण विचारतं? दुकानदार सासऱ्यांना म्हणतो त्या दरात देत असाल तर द्या. दिराच्या पोरानं हे बघूनच डिलिव्हरीचं काम धरलं.

भट्टी_नंबर_दोन:
उद्यमनगर, कोल्हापूरची कारखान्यांची वस्ती. कास्टिंगचा, म्हणजे ओतीव लोखंडी भागाचा दर किलोवर ठरतो. आतला ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, वरनं दिसत नाही, मशिनिंगला टूल आत गेलं की कळतं. परचेसवाला किलोमागं दोन रुपये वाचवून शाबासकी घेतो आणि रिजेक्शन दुसऱ्या डिपार्टमेंटच्या डोक्यावर बसतं. सरकारी टेंडरात तर एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दरवाला, हाच देव. बाकी काय बोलू.

मास्तरीणबाई:
पंचगंगाकाठ, थोडी दुरुस्ती करते, सवय आहे. ग्रेशम इथं नीट बसत नाही. दोन्ही नाण्यांची किंमत कायद्यानं एकच धरायला लागते तेव्हाच तो चालतो, म्हणून लोक जास्त चांदीचं नाणं दाबून ठेवतात. तुमच्या गुळाला, चपलेला अशी सक्ती कुणी केलेली नाही. हे अर्थशास्त्रज्ञ अकरलॉफचं आहे, १९७० सालचा त्याचा सेकंडहँड गाड्यांवरचा निबंध, पुढं २००१ ला नोबेल मिळालं. गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला नाही, त्यामुळं घेणारा धोका धरून मधलाच भाव देतो. तेवढ्यात चांगल्या गाडीवाल्याला परवडत नाही, तो बाजूला होतो, मग बाजारात राहिलेल्या गाड्यांचा दर्जा आणखी खाली, भाव आणखी खाली. सुभाषनगरच्या ताईंचे सासरे म्हणजे तो बाजूला होणारा माणूस. म्हणून मी "गिऱ्हाईकच चिक्कट" या मताची नाही. आपल्या गुजरीत, सराफांच्या पेठेत बघा, २०२१ पासनं सोन्याला हॉलमार्क सक्तीचा झाला, तेव्हापासून निदान कॅरेटवरनं भांडणं करावी लागत नाहीत.

पंचगंगाकाठ:
बाई, दुरुस्ती मान्य. पण चपलेला हॉलमार्क मारणार कोण, आणि तपासणार कोण?

तांबडा_पांढरा:
शिक्का बिक्का सोडा भावा, कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जावा. म्हैस समोर उभी, धार समोर, ग्लास हातात. पाणी घालायला चान्सच नाही, म्हणून तिथला धंदा पिशवीच्या दुधापुढंबी टिकलाय. बघता येतं तिथं चांगला माल मरत नाही, एवढं साधं हाय.

काहिलीवाला:
व्हय, पण फेसाचं माप मारतात की! 😂

तांबडा_पांढरा:
फेस खाली बसू दे म्हणायचं, परत ओतत्यात. न बोलता पिऊन आला असशील तर तुझं तू बघ.