कुणाच्या शब्दांनी तुम्हाला खरंच धीर आला होता?

निळीशाई
ऑफिसातल्या मैत्रिणीची आई परवा गेली. काल रात्री तिला चार ओळी लिहायला बसले, तीनदा लिहून पुसल्या. 'कळून फार वाईट वाटलं' याच्यापुढे हात सरकेना. मग फोनमध्ये मागे मागे गेले आणि बाबा गेले तेव्हाचा एका वर्गमैत्रिणीचा मेसेज सापडला. "उत्तर देऊ नकोस. मंगळवारी चारला येतेय. दार उघडावंसं वाटलं नाही तर पायरीवर जरा बसून परत जाईन."

त्या आठवड्यात 'धीर धरा', 'सावरा', 'होणारं चुकत नाही' यांचा नुसता पाऊस पडला होता. प्रत्येकाला हात जोडल्याचं चित्र पाठवून पाठवून थकले होते. उत्तर नको म्हणणारी ही एकटीच. मंगळवारी दार उघडलं मी. तासभर बसली, बाबांच्या औषधांचा खण आवरून दिला आणि गेली.

तुम्हाला असं कुणी काही म्हणालंय? सांगा. माझा मेसेज अजून लिहायचाच आहे.

उंबरठा
'निदान'ने सुरू होणारं वाक्य नको. एवढंच.

कोवळंऊन
निदान!! अगदी. तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला तेव्हा 'निदान लवकर झालं', 'वय आहे अजून, पुन्हा होईल'. माझ्या डोक्यात एकच, त्या दिवशी जड पिशवी उचलली म्हणून हे झालं. डॉक्टरबाईंनी खुर्ची जवळ ओढली. म्हणाल्या, दिवस गेल्याचं कळलेल्या १०० जणींपैकी १० ते २० जणींच्या बाबतीत असं होतं, आणि सुरुवातीच्या महिन्यांत साधारण निम्म्या वेळा गुणसूत्रांतच दोष असतो. पिशवीचा काही संबंध नाही. आकड्यांनी कुणाला धीर येतो का? मला आला. त्या रात्री कितीतरी दिवसांनी झोप लागली.

उंबरठा
@कोवळंऊन घट्ट मिठी. माझी वहिनी अशाच हिशोबात २ वर्षं अडकली आहे. तिला हे वाचून दाखवू?

कोवळंऊन
दाखव गं, विचारतेस काय.

सातवामजला
धाकटा भाऊ अचानक गेला. एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, 'तू अजून रागाच्या पायरीवर आहेस, स्वीकाराची पायरी येईल.' मी खरंच तिची वाट बघत बसलो. येईना, तर वाटायला लागलं माझंच काही बिघडलंय. पुढे समुपदेशक बाईंनी सांगितलं, एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९६९ मध्ये नकार, राग ते स्वीकार अशा ५ अवस्था मांडल्या त्या मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी क्रमाने चढायचा जिना नाही तो. हायसं वाटलं. राग अजूनही येतो त्याचा. बोलणं अर्धं ठेवून गेला.

भिंगरी
सातवामजला, वाचून गलबललं. काय लिहू कळत नाही.

थोडं वेगळं सांगते. लहानपणी आई म्हणाली, आत्याच्या समाचाराला जाऊन येते. तोवर मी फक्त 'थांब, तुझा चांगला समाचार घेते' एवढंच ऐकलेलं! आजारी आत्याला आई रागावणार म्हणून मी दार अडवून रडले. आत्या अजून सांगते आणि हसते.

पानगळ
भिंगरी, गोड आहे हे.

माझ्या कॅन्सरच्या उपचारांच्या वेळी मावशी यायची आणि माझ्यापाशी ढसाढसा रडायची. तिला पाणी मी द्यायचे. लेकीने कुठेतरी सुझन सिल्क आणि बॅरी गोल्डमन यांनी २०१३ मध्ये मांडलेली रिंगणांची कल्पना वाचली. मध्ये आजारी माणूस, भोवती घरचे, मग मित्र, मग ओळखीचे. आतल्या रिंगणाला धीरच द्यायचा, आपलं रडणं बाहेरच्या रिंगणाकडे न्यायचं. लेकीने कागदावर काढून दाखवलं. मावशी रागावली नाही. शेजारणीकडे जाऊन रडायची, डोळे पुसून माझ्याकडे यायची. त्या दोघी आता जिवलग आहेत.

कीव आणि कणव यांतला फरकही तेव्हाच कळला. कीव करणारे दारातूनच बोलायचे. कणव असलेले पलंगावर येऊन बसायचे.

चांदवा
मांजर गेली तेव्हा सगळे म्हणाले 'दुसरी आण'. पशुवैद्यांकडच्या मदतनीस मुलाने विचारलं, 'नाव काय होतं तिचं?' तिथेच रडू फुटलं, आणि बरं वाटलं.

झुळूक
निळीशाई, अवांतर विचारते. इतके जुने मेसेज राहिले कसे? माझ्या फोनची काच फुटलीय तरी बदलत नाहीये, आईचे व्हॉइस मेसेज जातील म्हणून.

उंबरठा
झुळूक, व्हॉट्सॲपवर आहेत ना? आईचं चॅट उघड, त्याच्या मेनूत 'एक्स्पोर्ट चॅट' मिळेल. मीडियासकट निवड हं, नाहीतर नुसता मजकूर येतो. स्वतःलाच ईमेल कर. अगदी मागचे राहून जाऊ शकतात, ते एकेक करून पाठव. आजच कर, काच फुटलेल्या फोनचा भरवसा नाही.

झुळूक
करते. रात्री. एकटी असताना.

उंबरठा
अडलं तर इथेच लिही, मी जागी असते.

निळीशाई
सगळं वाचलं. सकाळी तिला पाठवलं: "काकू मला नेहमी तुझ्या आधी फोनवर ओळखायच्या. सोमवारचा अहवाल मी पूर्ण करून दिलाय. उत्तर देऊ नकोस." आत्ता तिचं उत्तर आलं, 'माझ्या टेबलावरचं रोप सुकलं असेल गं, पाणी घालशील?' निघते, आधी तेच करते.