मदत हवी आहे: कावा मालिशच्या आधी घ्यायचा की नंतर? (रविवारच्या आत सांगा)

निवांत_दुपार
नमस्कार मंडळी. मावसबहिणीने फिजीहून कावा आणून दिलाय. रविवारी सकाळी मालिशवाल्या मावशी घरी येणार आहेत, त्यानंतर माझी योगनिद्रा. कावा मालिशच्या आधी घ्यायचा, दोन्हीच्या मध्ये, की सगळं उरकल्यावर? नेटवर जो तो वेगळंच सांगतो. भातलावणीपासून खांदे आखडलेत, झोपेचं खोबरं झालंय. 'गूगल करा' म्हणू नका, केलंय.

कोकम_सरबत
वा! केशराच्या दोन काड्या, वेलची, दालचिनी, वरून बदामाचे काप. मालिशनंतर गरमागरम घ्या. हिरव्या चहाची पत्ती फार उकळू नका, कडू होतो.

निवांत_दुपार
तो काश्मिरी कहवा हो. फिजी लिहिलंय ना वर. हा मुळापासून करतात, प्यायला की अंग सैल पडतं म्हणे.

फार्मसीवाला_तात्या
ताई, पावडर की कॅप्सूल? पाकिटावर फक्त मूळ लिहिलंय की पानं-देठही आहेत? वय? दुसरी काही औषधं चालू? कावीळ वगैरे झाली होती का कधी? आधी-नंतरचं मग बघू.

निवांत_दुपार
पावडर आहे. मातकट वास येतो. पाकिटावर इंग्रजीत मूळ असंच लिहिलंय. बाकी मी ठणठणीत आहे. प्रश्न फक्त क्रमाचा आहे.

पेजभात
गो बाय, मालिश झाली की आंग आपसूक सैल पडता. त्येच्यार आणि ह्या कित्याक व्हया? ऊन ऊन पाण्यान न्हा, उकड्या तांदळाची पेज पी नि आडवी पड.

ऑकलंडकर
मी मूळचा देवगडचा, आता न्यूझीलंडात. आमच्या गल्लीत फिजीहून आलेली भारतीय कुटुंबं बरीच आहेत, ते याला 'ग्रॉग' म्हणतात. शनिवारी संध्याकाळी चटया टाकून बसतात, मधे मोठं लाकडी भांडं, आणि प्यायला चक्क आपली नारळाची करवंटी. हातात घेण्याआधी एक टाळी, 'बुला' म्हणायचं, एका दमात संपवायचं, मग तीन टाळ्या. चव विचारू नका. जीभ आणि ओठ थोडा वेळ बधिर होतात, त्याने घाबरू नका, तो त्याचा गुणच आहे.

आता तुमचा प्रश्न. आधी मालिश, मग कावा, मग आडवं पडणं. कावा रिकाम्या पोटी घेतात आणि पोटात तो असताना पालथं झोपून कुणी पाठ रगडली की मळमळतं. माझं तरी तसं झालं होतं. पावडर चमच्याने खाऊ नका. फडक्यात बांधून गार पाण्यात चांगली मळायची, पिळायची, चोथा टाकून द्यायचा. उकळायची नाही. 'इन्स्टंट' लिहिलं असेल तर मात्र गाळायची गरज नाही, तो आधीच काढलेला रस सुकवलेला असतो.

घाटमाथा
योगनिद्रेला बाहेरून काही घ्यावं लागत असेल तर ती योगनिद्रा नव्हे, नुसती निद्रा. त्यात सजग राहायचं असतं. खांद्यांसाठी मार्जारासन, भुजंगासन, झोपण्यापूर्वी भ्रामरी. मी लोणावळ्याला कैवल्यधाममध्ये शिकलोय, तिथे कुणी करवंट्या भरून देत नव्हतं.

ऑकलंडकर
घाटमाथासाहेब, ताईंनी परवानगी नाही मागितली, क्रम विचारलाय. आणि कावा म्हणजे दारू नव्हे. डोकं बऱ्यापैकी ताळ्यावर राहतं, अंग ढिलं पडतं.

घाटमाथा
अंग ढिलं पडतं म्हणजेच तोल जातो. वृक्षासन नि शीर्षासन करून बघा तो पिऊन, मग बोलू.

ऑकलंडकर
योगनिद्रा पाठीवर झोपून करतात ना? का तुमच्याकडे उलटं टांगून?

जायफळाची_वाडी
भांडू नका. फिजीचं कशाला, आपल्या वाडीतलं जायफळ सहाणेवर उगाळून कोमट दुधातून घ्या. आमची आजी तेच देत असे, घरात कुणाला झोपेची तक्रार माहीत नव्हती. ओलं जायफळ, सुकं, पत्री सगळं मिळेल, पार्सल करतो.

फार्मसीवाला_तात्या
जायफळसुद्धा चिमूटभरच बरं. जास्त पोटात गेलं तर भ्रम होतो, छाती धडधडते, म्हणून आज्या दोन वेढे उगाळत, वाटी भरत नसत.

ताई, माझे प्रश्न लोंबकळतच आहेत. रात्री झोपेसाठी काही घेता का?

निवांत_दुपार
एक छोटी गोळी घेते. अल्प्राझोलाम ०.२५. डॉक्टरांनीच दिलीय. खांदा फारच ठणकला तर पॅरासिटामॉल. एवढ्याशा गोळ्यांना औषधं म्हणायचं का आता? आणि दुपारी चारला मला शृंगारतळीला शिकवणी घ्यायला स्कूटीने जायचं असतं, म्हणून क्रम नीट हवाय.

फार्मसीवाला_तात्या
हेच हवं होतं. क्रम बाजूला ठेवा. अल्प्राझोलाम चालू असताना कावा घ्यायचाच नाही, आधीही नाही नि नंतरही नाही. दोन्ही मेंदूला सुस्त करतात, एकावर एक चढतं. हीच गोळी आणि कावा एकत्र घेतलेला एक माणूस अर्धवट बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आल्याची नोंद १९९६ साली अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. शिवाय यकृतात औषधं मोडणाऱ्या यंत्रणेवर कावाचा परिणाम होतो, त्यामुळे गोळी अंगात जास्त वेळ रेंगाळू शकते. 'गोळी रात्री, कावा सकाळी' हा हिशोब म्हणूनच चालत नाही.

आणि आता कावा घेता यावा म्हणून गोळी परस्पर बंद करू नका. ती एकदम सोडली तर घाबरेपणा नि झोपेचे हाल दुपटीने येतात, कधी फिटसुद्धा. सोडायची तर डॉक्टर हळूहळू उतरवतील.

पॅरासिटामॉलचा भार यकृतावर, कावाबद्दलही तीच शंका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ साली त्यावरूनच इशारा दिला होता. या पावसात लेप्टो (चिखल-पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) किंवा कावीळ होऊन गेली असेल तर विषयच संपला. लावणीला चिखलात उतरला होतात म्हणून विचारतोय.

ऑकलंडकर
तात्या, जर्मनीनेही २००२ साली बंदी घातली आणि २०१४ ला तिथल्या न्यायालयाने ती उठवली, तेही सांगा. बेटांवर पिढ्यान् पिढ्या पितात. ऑस्ट्रेलियात औषध म्हणून विकतात, फक्त दिवसाला २५० मिलिग्रॅम कावालॅक्टोनच्या (म्हणजे कावातल्या गुणकारी अंशाच्या) वर नाही. खराब माल, पानं-साली मिसळलेला किंवा 'टूडे' जातीचा घेतला की लोक आजारी पडतात आणि बदनाम सगळाच कावा होतो.

फार्मसीवाला_तात्या
पटलं. पण बेटावरचा तुमचा शेजारी रात्री अल्प्राझोलाम घेऊन दुपारी स्कूटी चालवत नाही. ताईंच्या हातात जी पावडर आहे तिच्या चमच्यात कावालॅक्टोन किती, हे तुम्ही तिकडून सांगू शकता का?

ऑकलंडकर
नाही. गोळी असेल तर मीसुद्धा नकोच म्हणेन. ती त्यांनी बऱ्याच उशिरा सांगितली.

मिरीवेल
जरा वेगळा प्रश्न. हा कावा म्हणे मिरी आणि विड्याच्या पानाच्या कुळातला. आमच्याकडे पोफळींवर पन्नियूर जातीची मिरी चढवलीय. तसाच कावा लागेल का? भाव काय मिळतो? दापोलीला विद्यापीठात विचारावं म्हणतो.

ऑकलंडकर
कूळ तेच. पण हा वेल नाही, झुडूप आहे, पोफळीवर चढणार नाही. बी धरत नाही, खोडाचे तुकडे लावतात. मूळ काढण्याजोगं व्हायला तीन-चार वर्षं तरी. आणि जिवंत रोप परदेशातून आणायचं तर क्वारंटाइनचा परवाना लागतो, सुटकेसमधून आणू नका.

निवांत_दुपार
माझ्या धाग्यावर शेती कधी सुरू झाली?
डॉक्टरांना फोन केला. गोळी चालू असेतोवर कावा नाही, तात्या म्हणाले तेच. उलट विचारलं की लावणीपासून खांदा दुखतोय तर दाखवायला का आला नाहीत. सोमवारी जातेय. मालिश ठरल्याप्रमाणे, खोबरेल तेलाने. मावशींना मानेला जोर लावू नका असं सांगणार आहे. पावडर पडून आहे, कुणाला हवी असेल तर घेऊन जा.

फार्मसीवाला_तात्या
कुणालाही देऊ नका. घेणारा काय काय खातो ते तुम्हाला कुठे माहीत?

मिरीवेल
मला द्या, लावून बघतो.

ऑकलंडकर
अहो, दळलेल्या मुळाला कोंब कुठून फुटणार? हळदपूड पेरता का तुम्ही?

कोकम_सरबत
मालिशवाल्या मावशी वेळणेश्वरपर्यंत येतात का? नंबर व्यक्तिगत निरोपातून कळवा प्लीज.