विद्यापीठांचा क्लाउड अडतो कुठे: वायरीत की लेखाशीर्षात?

गोदाकाठ
परीक्षा आणि निकालाचं काम मराठवाड्यातल्या विद्यापीठांनी क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्यानं मिळणाऱ्या सर्व्हरवर न्यावं, हे माझं ठाम मत. निकालाच्या पहिल्या तासाला लागणारी ताकद वर्षभर सर्व्हररूममध्ये पोसायची, वर मे महिन्यात एसी बंद पडला की सगळंच बसतं. वीज आणि रेंजची कारणं सांगितली जातात, पण फाइल अडते लेखाशीर्षावर, म्हणजे खर्च कोणत्या हिशेबखात्यात दाखवायचा यावर. सर्व्हर घेतला की भांडवली खर्च, डेडस्टॉक (टिकाऊ वस्तूंच्या) रजिस्टरला नोंद, निधी खर्चल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र तयार. क्लाउडचं बिल दरमहा वेगळं, आणि नोंदवायला वस्तूच नाही.

परभणीकर
वायरीचा प्रश्न इतका हलका नाही. उत्तरपत्रिका स्कॅन करून परीक्षकांना पडद्यावर तपासायला पाठवायच्या, तर 32 पानी उत्तरपत्रिका, पानाला 100 केबी, म्हणजे 3.2 एमबी. एक लाख उत्तरपत्रिकांचे 320 जीबी. 100 एमबीपीएसची लाइन पूर्ण वेगाने चालली तरी सात तास, निम्म्या वेगाने चौदा. नांदेडच्या विद्यापीठाखाली किनवटही येतं. रस्तारुंदीकरणात जेसीबीनं फायबर तोडली की तिथलं स्कॅनिंग केंद्र बसून राहणार. कॉलेजातल्या सर्व्हरला नुसता लॅन (आवारातलं नेटवर्क) पुरतो.

गोदाकाठ
तुमचंच गणित पुढे नेतो. एक लाख उत्तरपत्रिका म्हणजे 16 लाख कागद. मिनिटाला 60 कागद दोन्ही बाजूंनी घेणारे दहा स्कॅनर न थांबता चालवले तरी 44 तास जातात. तेवढ्या वेळात 320 जीबी पाठवायला सरासरी 16 एमबीपीएस पुरतात. केंद्रावर 2 टीबीची डिस्क ठेवा. लाइन तुटली तर स्कॅन तिथे साठतील, जोडली की उरलेले जातील. मात्र प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल जशीच्या तशी पोचली का हे पडताळणारा आकडा) जुळल्याशिवाय मूळ स्कॅन पुसायचा नाही, नाहीतर अर्धवट गेलेलं पान थेट परीक्षकाच्या पडद्यावर दिसतं.

खतावणी
लेखाशाखेवर ढकलणं बरोबर नाही. आवर्ती खर्च आम्हाला नवा नाही, विजेचं बिलही दरमहा बदलतं. तरतूद नसताना बिल आलं की आक्षेप येतो. अंदाजपत्रकाच्या वेळी आयटी विभागानं साधे महिने आणि निकालाचे महिने वेगळे काढून, 18 टक्के जीएसटी धरून आकडा द्यावा. कमाल रकमेचा वार्षिक आदेश काढता येतो. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर क्लाउड सेवा मिळतात, मेइटीनं (केंद्राच्या आयटी मंत्रालयानं) सूचीबद्ध केलेले पुरवठादारही आहेत. क्लाउडच्या खात्यात बजेटचा इशारा 50 आणि 80 टक्क्यांवर लावा, पण तो फक्त ईमेल पाठवतो, बिल थांबवत नाही. ऑटोस्केलिंगला, म्हणजे गर्दीनुसार सर्व्हर आपोआप वाढवण्याला, कमाल संख्या घातलीच पाहिजे.

परभणीकर
स्कॅनिंगचं गणित मान्य. पण क्लाउडचं खातं कोणाच्या नावावर? कंत्राटदार स्वतःच्या ईमेलवर मूळ, म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं उघडतो आणि कंत्राट संपलं की लाखो विद्यार्थ्यांचे गुण त्याच्या हातात राहतात. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यानुसार जबाबदारी मात्र विद्यापीठाचीच. मूळ खातं पदाच्या ईमेलवर हवं, व्यक्तीच्या नको. लॉगिनच्या दुसऱ्या टप्प्याच्या पडताळणीची किल्ली कुलसचिवांच्या तिजोरीत. शिवाय दरमहा डेटाबेसची पूर्ण प्रत विद्यापीठाच्या स्वतःच्या मशीनवर उतरवून, चालू करून, चार-दोन आसनक्रमांकांचे गुण पडताळून पाहायचे. नुसती बॅकअपची फाइल पडून असणं पुरत नाही. या अटी निविदेत नसतील तोवर माझा विरोध कायम.