कपाटावरची धूळ फ्रेम केली. ही कला की आळस?

पोटमाळा (धागाकर्ता):
घर बदलताना जुन्या लाकडी कपाटावरचा रेडिओ खाली उतरवला आणि स्टुलावर चढून वर डोकावलो. करड्या लोकरीसारखा जाड थर. त्यात चार स्वच्छ गोल ठिपके, रेडिओच्या रबरी पायांचे, आणि वायर पडलेली असायची तिथे नागमोडी रेघ. अकरा वर्षांचा ऐवज! हातात फडकं होतं, पण ते फिरवायचा धीर होईना. वह्यांना घालतात तसला चिकट पारदर्शक कागद अलगद टेकवला, हातानं दाबला, उचलला आणि काळ्या पुठ्ठ्यावर चिकटवला. सगळं जसंच्या तसं उठून आलं. आता भिंतीवर आहे.

घरात ऐकून घेतलं, "आता केरसुद्धा फ्रेम करणार?" हो, करणार. फोटो काढायचा म्हटलं की आपण आधी खोली आवरतो. धूळ मात्र कुणाला दाखवायला म्हणून बसत नाही. मार्सेल द्युशाँ या कलावंताच्या काचेच्या कलाकृतीवर साचलेल्या धुळीचा मॅन रे या छायाचित्रकारानं १९२० मध्ये काढलेला फोटो आज कलेच्या इतिहासात आहे. मग माझ्या कपाटानंच काय घोडं मारलंय? मतं सांगा.

झटकणी:
फ्रेम छान झाली असेल, वाद नाही. पण अकरा वर्षं तिथे फडकं फिरलं नाही याला 'ऐवज' म्हणताय, याची गंमत वाटली. हाच थर मी माझ्या घरी ठेवला तर पाहुणे मला कलावंत म्हणणार नाहीत, ऐदी म्हणतील. धूळ निवांत बघत बसायची चैन ज्याला ती पुसायची नसते त्यालाच परवडते. आणि ते द्युशाँ महाशय! काच न्यूयॉर्कच्या स्टुडिओत कित्येक महिने धूळ खात पडू दिली, फोटो झाल्यावर थोडी धूळ वार्निश लावून पक्की केली आणि बाकीची पुसून टाकली. म्हणजे फडकं त्यांनाही चुकलं नाही.

चिमटीभर:
झटकणीताई, पण निवड हीच तर कला. त्यांनी किती ठेवलं आणि किती पुसलं, हे ठरवलं ना? व्हिक मुनीझ यांनी न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयातलाच केर जमा केला आणि तिथे पूर्वी मांडलेल्या शिल्पांचे जुने फोटो समोर ठेवून त्या धुळीनं चित्रं काढली. गुळगुळीत, कडक, भौमितिक शिल्पं, आणि ती काढलीत प्रेक्षकांचे केस, कपड्यांचे तंतू यांनी. मला ते विनोदी आणि थोडं अंगावर येणारं, दोन्ही वाटतं.
शू बिंग यांचंही काम बघा. २००१ च्या हल्ल्यानंतर मॅनहॅटनमध्ये साचलेली धूळ त्यांनी जपून ठेवली आणि २००४ मध्ये कार्डिफला जमिनीवर पसरली. मधे अक्षरांच्या जागा कोऱ्या ठेवल्या, त्यातून एका झेन कवितेच्या ओळी उमटल्या.

खडूस वाचक:
शू बिंगना यात ओढू नका. त्या धुळीत कोसळलेल्या इमारती आहेत, माणसं आहेत. कपाटावरच्या धुळीत काय आहे? रेडिओचे पाय. आधी अर्थ असतो, मग धूळ त्याला धरून बसते. इथे आधी धूळ सापडली आणि मग अर्थाची शोधाशोध सुरू झाली.

पोटमाळा:
@खडूस वाचक, रेडिओ ज्यांचा होता ते आता नाहीत. तेवढा अर्थ मला पुरतो.

सर्दीपडसं:
कलेतलं कळत नाही. दम्याचा पेशंट आहे म्हणून सांगतो, हे प्रयोग करताना नाकाला मास्क लावा. 'धूळ म्हणजे आपलीच कातडी' असं लोक ऐटीत सांगतात, ते अर्धवट आहे. कातडीचे कण असतात, पण तंतू, चपलांबरोबर आलेली माती, परागकण, काजळी आणि धुळीतल्या बारीक किड्यांची विष्ठाही असते. शेवटच्या पदार्थावर कविता करून दाखवा.

चिमटीभर:
हा हा. कागद चारी बाजूंनी नीट बंद केला की बाहेर काही येत नाही हो.

झटकणी:
मूळ मुद्दा राहतोय. २०११ साली जर्मनीत डॉर्टमुंडच्या संग्रहालयात मार्टिन किपेनबर्गर यांच्या कलाकृतीत एक रबरी घमेलं होतं, त्याच्या तळाशी मुद्दाम रंगवलेला डाग. सफाई करणाऱ्या बाईंनी तो घासून लख्ख केला. कलाकृतीचा विमा आठ लाख युरोंचा. जगभर लोक त्या बाईंवर हसले. मला विचाराल तर त्या संग्रहालयात त्या दिवशी मन लावून काम करणारं कोण होतं, हे उघड आहे.

जुनी वही:
झटकणी, तुमच्याच बाजूचं उदाहरण देते, आणि ते कलेतलंच आहे. मिअर्ल लेडरमन युकेलेस. पहिलं मूल झाल्यावर दिवस पुसण्याधुण्यातच जायला लागला, तेव्हा १९६९ मध्ये त्यांनी जाहीरनामा लिहिला की निगा राखणं हीच माझी कला. १९७३ मध्ये हार्टफर्डच्या संग्रहालयात त्यांनी पायऱ्या आणि फरशी धुतली. पण माझं आवडतं काम वेगळं. तिथे एका ममीची काचेची पेटी होती, ती सफाई कामगार रोज पुसायचा. एके दिवशी ती युकेलेसनी पुसली आणि जाहीर केलं, ही आता कलाकृती. झालं! आता ती पुसायला सफाई कामगार चालेना, कारण कलाकृतीला हात लावायचा अधिकार फक्त जतनतज्ज्ञाचा. तीच काच, तेच फडकं, तोच हाताचा फेरा.

झटकणी:
हे माहीत नव्हतं. हे आवडलं. इथे पुसणारा हात दिसतो. पोटमाळा, तुमच्या चित्रात तो कुठेच नाही, माझी तक्रार एवढीच होती. बाय द वे, कपाटाच्या पुढच्या कडेला किती धूळ होती?

पोटमाळा:
पुढे नव्हती. पुढची वीतभर पट्टी साफ होती.

झटकणी:
सरळ रेषेत?

पोटमाळा:
नाही, थोडी वळलेली. मधे आत गेलेली, दोन्ही टोकांना कमी होत जाणारी... थांबा. आई स्टूल न घेता, टाचा उंचावून पुसायची. तिचा हात पोचायचा तिथवर लाकूड स्वच्छ आणि पुढे धूळ. त्या वळणावरून फडकं कुठून सुरू व्हायचं तेसुद्धा सांगता येईल.

जुनी वही:
मग तुमच्या फ्रेममधली सगळ्यात बोलकी रेघ ती आहे.

पोटमाळा:
फ्रेममध्ये नाही ना. तेवढा कागद कोराच आला होता, म्हणून पुठ्ठ्यावर लावण्याआधी कापून टाकला.

झटकणी:
कापलेला तुकडा आहे का?

पोटमाळा:
केरात टाकला होता. सकाळी आईनं टोपली रिकामी केली.