बाळाच्या पाठीवरचा मोठा काळा डाग, एमआरआयबद्दल मदत हवी आहे

भाचीची मुलगी तीन महिन्यांची आहे. जन्मापासून तिच्या पाठीवर कमरेपर्यंत काळपट, केसाळ डाग आहे, मांड्यांवर आणि डोक्यातही बारके डाग आहेत. निदान: जायंट कंजेनिटल मेलॅनोसायटिक नीव्हस (रंगपेशींचा जन्मजात मोठा डाग). अशा बाळांच्या मेंदूतही रंगपेशी असू शकतात, म्हणून डॉक्टरांनी मेंदू-मणक्याचा एमआरआय सहा महिन्यांच्या आत करायला सांगितलाय. पुढे मायलिन (मज्जातंतूंवरचं आवरण) वाढलं की त्या रंगपेशी नीट दिसत नाहीत. आजीच्या मते हा ग्रहणाचा डाग, त्यात भूल द्यायची सगळ्यांनाच धास्ती. मला तर तपासणी लांबवणं अजिबात पटत नाही.

दूध पाजून, घट्ट गुंडाळून, भूल न देता कुणाच्या बाळाचा एमआरआय झालाय का? पुण्या-मुंबईकडे लहान मुलांचे चांगले त्वचारोगतज्ज्ञ कोण? प्लीज सांगा, भाची रात्र-रात्र रडतेय.