मदत हवी आहे: परदेशी साहेबाला स्पष्ट 'नाही' म्हणण्याचा सराव कसा घ्यावा?

नमस्कार मंडळी. बडोद्यात, दांडिया बाजारात, मराठी मुलामुलींसाठी बोलण्याचा सराववर्ग सुरू करतोय. ही मुलं जर्मन, डच, अमेरिकन टीमबरोबर काम करणार आहेत. इंग्रजी चांगलं आहे, अडतं ते रीतीपाशी.

साहेब बोलत असताना आपण मान डोलावतो ती ऐकतोय म्हणून. पलीकडचा काम कबूल झालं असं धरतो आणि तारीख चुकली की विश्वास जातो. म्हणून हे बसवून घेतोय: "शुक्रवारी होणार नाही. सोमवारी देतो. चाचणी बाकी आहे." आधी उत्तर, मग तारीख, मग कारण. आपल्याकडे कारणं आधी येतात आणि नकार शेवटी विरून जातो. डच माणूस चारचौघांत "हे चुकलंय" म्हणतो तेव्हा बहुधा दोष कामाला असतो. मुलांना हे पटतं, तरी चेहरा उतरतोच.

गप्पांचं सोपं आहे. अमेरिकन माणसाने जाताजाता "हाऊ आर यू" म्हटलं तर "गुड, अँड यू?" पुरे, जर्मन सहकाऱ्याला बहुधा खरं उत्तर हवं असतं. पगार, वय, लग्न नको. हवामान, सुट्टी, प्रवास चालतो.

खरा प्रश्न असा: वडीलधाऱ्यांना तोंडावर नाही म्हणायची सवयच नाही, तिथे पाठ केलेलं वाक्य पहिल्याच उलटप्रश्नाला गळून पडतं. कुणी असा सराव घेतला असेल तर कोणते प्रसंग दिलेत? उलटप्रश्न किती वाढवत नेलेत? शिवाय शनिवारी ऑनलाइन 20 मिनिटं साहेब होणारं कुणी हवंय. अशा टीममध्ये काम केलेलं असेल तर फारच उत्तम.