सोसायटीच्या पाण्यासाठी हायकोर्टात जावं का? (घोडबंदर रोड)

ओवळेकर_११२:
नमस्कार मंडळी, ओवळ्याला आमची ११२ फ्लॅटची सोसायटी, ओसी (इमारतीत राहायला पालिका देते तो वापर परवाना) २०१९ ची. बिल्डरने ब्रोशरवर २४ तास पाणी असं ठळक छापलेलं, प्रत्यक्षात सकाळी पाऊण तास बारीक धार आणि बाकी सगळं टँकरवर, उन्हाळ्यात रोज चार-पाच. मी सेक्रेटरी झाल्यापासून पहाटे गच्चीवर जाऊन टाकीत बांबू बुडवून बघतो पाणी किती उरलंय ते. आता एक वकील म्हणतात पाणी मूलभूत हक्क आहे, डायरेक्ट हायकोर्टात रिट (हक्क मोडला म्हणून करायची याचिका) टाकू, ८० हजार आधी द्या. कमिटीत दोन तट पडलेत. केस करायची तर बिल्डरवर की महापालिकेवर?

टाकीफुल्ल:
८० हजार द्यायच्या आधी १० रुपये खर्च करा, माहिती अधिकारात ओसीची अख्खी फाइल मागा. पालिकेचं पाणी पुरेसं येईपर्यंत सोय मी करीन असं बिल्डरचं हमीपत्र आमच्या फाइलीत निघालं. वर्षभर फोन न उचलणारा माणूस, त्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला तर पंधरा मिनिटांत स्वतः फोन!!

नेरुळची_वकीलताई:
दादा, तुमचे वकील खोटं नाही बोलत. घटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात, पाणी येतं, पाणी हक्क समितीच्या केसमध्ये मुंबई हायकोर्टाने २०१४ ला अनधिकृत झोपड्यांनाही पाणी नाकारता येणार नाही म्हटलंय. पण तुमचं दुखणं टँकरच्या पैशांचं आहे आणि ते रिटमधून सहसा हाती लागत नाहीत. ब्रोशरमधल्या खोट्या वचनासाठी महारेरा (बिल्डरांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं राज्याचं प्राधिकरण) आहे, रेरा कायद्याचं कलम १२ बघा. पालिकेवर दिवाणी दावा करायचा तर आधी महापालिका कायद्याच्या कलम ४८७ ची एक महिन्याची नोटीस लागते. आणि स्थायी लोक अदालत लोक विसरतातच, पाणीपुरवठा ही तिथे लोकोपयोगी सेवा धरतात, कोर्ट फी नाही, एक कोटीपर्यंतचा वाद चालतो, तडजोड नाही झाली तर निकालही देतात. फक्त तोच वाद आधी कोर्टात नेला असेल तर हा रस्ता बंद, म्हणून रिटची घाई नको. ठाणे कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात जाऊन विचारा. जाताना जनरल बॉडीचा ठराव हवा, नाहीतर पहिला प्रश्न तोच येईल की तुम्ही कोण.

गेट_नंबर_२:
ठराव होईल हो, कोरम (किमान हजेरी) कुठून आणणार 😄 टँकरची बिलं नीट ठेवलीत ना? आमच्याकडे अर्धी बिलं साध्या चिठ्ठीवर, गाडी नंबर नाही, तारीख नाही, समोरच्या वकिलाने तीच धरली.

ओवळेकर_११२:
ताई, धन्यवाद, हे लोक अदालतीचं कोणीच सांगितलं नव्हतं. बिलं आमचीही तशीच निघाली, पण वॉचमनच्या वहीत प्रत्येक टँकरचा नंबर आणि वेळ आहे, पाइप गळून मे महिन्याची पानं एकमेकांना चिकटलीत तेवढी आज पंख्याखाली वाळत घातलीत. माहिती अधिकाराचा अर्ज सोमवारी टाकतो.